पॉवर टिलरच्या टाकीतले शिळे डिझेल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी कळव्याला राहतो. १९८७ ते २०१८ अशी ३१ वर्षे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत जनरेटरची डिझेल इंजिने सांभाळली. रबाळे, महापे, तुर्भे इथल्या किती टाक्या उपसल्या त्याची मोजदाद नाही. वडिलोपार्जित शेती मुरबाड तालुक्यात, पावणेदोन एकर, सगळे भात. ती चुलतभाऊ कसतो. मी आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत जातो, बांधावर उभा राहतो आणि सूचना करतो. एवढी ओळख अशासाठी दिली, की पुढे जे लिहितो आहे त्यात फजिती माझीच आहे.

यंदा जूनअखेरीस राबातली रोपे वीतभर झाली होती, पाऊसही धरला होता, मजूर सांगून ठेवलेले. चिखलणीला हात घालायचा म्हणून शेडमधला पॉवर टिलर बाहेर ओढला. १३ अश्वशक्तीचा, एका सिलिंडरचा, माझ्या निवृत्तीच्या वर्षी अनुदानातून घेतलेला. डीकॉम्प्रेशनचा खटका दाबून भावाने हँडल मारले. मग मी मारले. मग शेजारच्या दोन पोरांनी आळीपाळीने मारले. धूर नाही, साधी खोकल्याची उबळसुद्धा नाही. भाऊ कपाळ पुसत म्हणाला, "दादा, तू ना इंजिनवाला? बघ की मग."

इंजिन हाताने हळू फिरवले की चांगले नोझल, म्हणजे इंजिनात डिझेलचा फवारा मारणारी तोटी, 'कर्र' असा बारीक आवाज देते. आम्ही फिटर म्हणायचो, नोझल बोलते. हे मुके झाले होते. फिल्टरचा बाऊल उघडला. वर काळ्या चहाच्या रंगाचे डिझेल, तळाशी पाणी, आणि दोघांच्या मधे काळपट बुळबुळीत साय. वास आंबूस, जुन्या वार्निशच्या डब्यासारखा. इंजिनाच्या डिझेल पंपाचा रॅक, म्हणजे किती डिझेल सोडायचे ते ठरवणारी दांडी, बोटाने सहज सरकायला हवा, तो पकडून बसलेला. हे नुसते इंजिन न लागण्यापेक्षा वाईट. रॅक उघड्या बाजूला अडकलेला असताना इंजिन चुकून लागले, तर वेग आवरणाऱ्या गव्हर्नरचे त्याच्यापुढे काही चालत नाही. इंजिन सुसाट सुटते आणि लिव्हर मागे ओढूनही थांबत नाही. महाप्याला एकदा असे झाले होते, तेव्हा हवेच्या तोंडावर फळी दाबून ते बंद केले. तो आवाज अजून कानात आहे. म्हणून पोरांना म्हटले, हँडल खाली ठेवा, आता कोणी हात लावायचा नाही.

पंप आणि नोझल पिशवीत घालून कल्याण गाठले. पंप-नोझलवाला तिशीतला मुलगा. त्याने झाकण काढले, वास घेतला आणि विचारले, "काका, गाडी कधीपासून उभी होती?" त्या एका प्रश्नात माझी ३१ वर्षे पाण्यात गेली. कारखान्यात नव्या पोरांना मी हाच प्रश्न विचारायला शिकवायचो.

पंपातले एलिमेंट बदलले, नोझल बदलले, फिल्टर, वॉशर आणि मजुरी धरून ३,६५० रुपये गेले. पैशांचे एक वेळ सोडा. चार दिवस गेले, मजूर दुसऱ्याच्या शेतावर गेले, भाड्याचा ट्रॅक्टर ज्याला त्याला हवा असल्यामुळे आमचा नंबर रात्री नऊला लागला. हेडलाइटच्या उजेडात चिखलणी केली. रोपांचे वय वाढत होते ते वेगळेच.

आता हे डिझेल शिळे कसे झाले ते सांगतो, कारण आमच्या गावात दहा-बारा टिलर आहेत आणि निम्म्यांची कथा हीच आहे. गेल्या वर्षी जुलैत चिखलणी संपली तेव्हा अकरा लिटरच्या टाकीत तीनएक लिटर उरले होते. टिलर धुतला, शेडमध्ये लावला, वर ताडपत्री टाकली. पुढे वालासाठी एक दिवस चालवायचा होता, ते काम दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर भागले. म्हणजे ते तीन लिटर अकरा महिने तिथेच. बरे, ते जुलैचे तरी होते का? तेही नाही. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात भेंडीला पाणी देण्याच्या इंजिनासाठी आणलेले, उरलेले, आणि शेडच्या कोपऱ्यात आजीच्या वेळच्या जस्ती पिंपात ठेवलेले. थंडगार पाण्यासाठी आजी ते पिंप चिंचेने घासायची. पाण्याला जस्त चालते, डिझेलला चालत नाही. डिझेल जुने होताना त्यात आम्ले तयार होतात, ती जस्ताशी मिळून साबणासारखा चिकटा करतात आणि तो जाऊन फिल्टरमध्ये बसतो. तांबे आणि पितळही तसेच, त्यांच्या संगतीत डिझेल लवकर बिघडते. मला हे सगळे ठाऊक होते. पिंप कोणी भरले विचाराल तर मीच भरले होते. रिकामे पडले होते म्हणून.

डिझेल पेट्रोलसारखे उडून जात नाही, त्यामुळे लोकांना वाटते ते टिकते. प्रत्यक्षात ते हवेतला प्राणवायू घेत घेत हळूहळू डिंक धरते. साधारण २० अंशांच्या हवेत नीट साठवलेले डिझेल वर्षभर किंवा त्याहून जास्त राहते. हवा ३० अंशांवर गेली की ही मुदत सहा महिन्यांपासून बारा महिन्यांपर्यंत येते. हा हिशेब बंद, स्वच्छ, कोरड्या टाकीचा आहे. मुरबाडकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली हात टेकवत नाही अशी टाकी तापते. त्यातून टाकी बरीचशी रिकामी, म्हणजे हवा भरपूर.

पाण्याबद्दल मात्र एक गोष्ट मी स्वतः तपासून पाहिली आणि माझा स्वतःचाच एक समज मोडला. टाकी श्वास घेते, असे आम्ही नव्या पोरांना सांगायचो. दिवसा आतली हवा तापून झाकणाच्या भोकातून बाहेर जाते, रात्री गार होऊन दमट हवा आत ओढली जाते, तिचे दव पत्र्यावर धरते आणि तळाशी उतरते. हे खरेच आहे. पण टिलरच्या टाकीतून मी पाऊण वाटी पाणी काढले, शंभर मिलीलिटर तरी असेल. ३० अंशांच्या पूर्ण दमट हवेत एका घनमीटरला ३० ग्रॅम पाणी मावते. म्हणजे टाकीतल्या आठ लिटर हवेत पाव ग्रॅमसुद्धा नाही, आणि रोज त्यातली फार तर विसावा हिस्सा हवा बदलते. अकरा महिने हा श्वास चालू राहिला, रोजचे सगळे दव तळाशी उतरले असे धरले, तरी चहाचा चमचा भरणार नाही. मग बाकीचे कुठून आले? ताडपत्री काढून शेडमध्ये उभा राहिलो तेव्हा कळले. पत्र्याच्या खिळ्यातून थेंब बरोबर झाकणावर पडत होता आणि झाकणाचे रबरी वॉशर उन्हाने पापडासारखे कडक होऊन चिरले होते. शिवाय आम्ही टिलर ठेवण्याआधी पाइपने धुतला होता, तोही झाकणासकट. उरलेले त्या जस्ती पिंपाच्या तळातून आले असणार. म्हणून माझे सांगणे असे, की दवाला दोष देण्याआधी दहा रुपयांचे वॉशर बघा.

एक चमचा पाणी तरी निरुपद्रवी आहे का? नाही. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाला जाते, आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर बुरशी आणि जीवाणू घर करतात. राहायचे पाण्यात आणि खायचे तेल, असा त्यांचा संसार. त्यातली हॉर्मोकोनिस रेझिनी नावाची बुरशी तर विमानांच्या टाक्यांमध्येही कुप्रसिद्ध आहे. बाऊलमधली काळी साय म्हणजे हीच मंडळी. ती फिल्टर बुजवतात, त्यांच्या आम्लाने टाकीचा पत्रा आतून खातात. आणि पाणी पुढे पंपात शिरले की खेळ संपला. पंपातले प्लंजर आणि बॅरल, ज्या जोडीला आम्ही एलिमेंट म्हणतो, त्यांतली फट दोन-तीन मायक्रॉनची असते. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास. नोझल २०० किलोच्या आसपास दाबाला उघडते, तो दाब याच बारीक फटीच्या जिवावर तयार होतो. तिथे गंजाचा एक ठिपका पडला की जोडी कामातून गेली. इंजिन वर्षानुवर्षे शेतात राबून जेवढे झिजत नाही तेवढे ते शेडमध्ये उभे राहून मरते.

गावातली म्हातारी माणसे म्हणतात, आताचे डिझेलच पूर्वीसारखे राहिले नाही. यात थोडे तथ्य आहे. भारत स्टेज या सरकारी प्रदूषण-मानकातल्या तीनच्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत ३५० भाग गंधक चालत होते, चारमध्ये ५० आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या सहामध्ये फक्त १०. गंधक काढताना डिझेलची अंगची वंगणशक्ती कमी होते, म्हणून तेल शुद्धीकरण कारखाने ती पुन्हा वरून घालतात. पुढे जैवडिझेलचाही प्रश्न येणार आहे. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के जैवडिझेल मिसळण्याचे लक्ष्य ठेवले आहे. जैवडिझेल साध्या डिझेलपेक्षा जास्त पाणी धरते आणि लवकर शिळे होते. हवेसाठी हे सगळे चांगलेच आहे, माझी तक्रार नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावर १९९० च्या सुमारास संध्याकाळी श्वास घेतलेल्या माणसाने तरी तक्रार करू नये. पण जुन्या सवयी नव्या डिझेलला चालणार नाहीत, एवढे खरे. आमची साय मात्र गंधकाने आली नाही, खिळ्याच्या भोकाने आली.

दुसरा समज असा, की शिळ्या डिझेलवर ताजे ओतले की ते सुधारते. नासलेल्या दुधात ताजे दूध ओतण्यासारखा हा प्रकार आहे. डिझेल फक्त जुने असेल, रंग थोडा गडद झाला असेल आणि त्यात पाणी नसेल, तर गाळून, चौपट ताज्यात मिसळून ते संपवता येते. मी तसे केलेले आहे. पण तळाशी साय असेल तर वरून ओतलेल्या धारेने तीच ढवळून वर येते. रॉकेल मिसळण्याचा सल्लाही मिळाला. रॉकेल आता मिळते कुठे, आणि मिळाले तरी ते डिझेलपेक्षा कोरडे, पंपाला आणखी वाईट.

धारेने तळ ढवळतो, हे मी शेतात नव्हे तर नवी मुंबईत पाहिले आहे. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली होती ते वाचकांना आठवत असेल. कळवा-पडघा वीजवाहिनीवरच्या बिघाडाचे कारण सांगितले गेले, त्यामुळे आमच्या कळव्याचे नाव दिवसभर बातम्यांत होते. मुलगी नेरुळला राहते. तिचा फोन आला, "बाबा, सोसायटीचा जनरेटर सहा मिनिटं चालला आणि बंद पडला. लिफ्ट, पाण्याचा पंप सगळं ठप्प." मी वॉचमनला फोन द्यायला सांगितला. कळले ते असे. टाकीत डिझेल दीड-दोन वर्षांचे. दर शनिवारी जनरेटर पाच मिनिटे चालवून वहीत सही होत होती, लोड न देता. त्या सकाळी गडबडीत वरून ४० लिटर ओतले. ओतताच तळाचा गाळ उठला आणि फिल्टर गच्च झाला. टाकी भरलेली असून इंजिन उपाशी. देखभालीचे कंत्राट ज्यांच्याकडे होते त्यांनी फिल्टर बदलून दिला, टाकी मात्र धुतली नाही, आणि पुढच्याच महिन्यात पुन्हा तेच. मी जाऊन तळाचा नट उघडला तेव्हा पहिले सात लिटर नुसते पाणी आणि चिखल आला.

खारघरपासून घोडबंदर रोडपर्यंत उंच इमारती झाल्या, त्यांत जनरेटर आले, काही ठिकाणी आगीच्या पाण्याचे डिझेल पंप आले. आमचा टिलर निदान आवणीला तरी चालतो. आगीचा पंप तर कधीच चालू नये अशी सगळ्यांची इच्छा असते. त्याची टाकी कोणी कधी उघडून पाहिली आहे का, हा प्रश्न सोसायटीच्या वार्षिक सभेत एखाद्याने विचारावा. आणि चाचणी घ्यायचीच तर निदान तिसरा हिस्सा लोड देऊन अर्धा तास घ्यावी. बिनलोडाची पाच मिनिटे इंजिनाला उलट त्रास देतात. ते नीट तापत नाही, न जळलेले डिझेल सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये उतरते.

पुन्हा मुरबाडला येतो. यंदा आवणी उरकल्यावर, दिव्याच्या अमावास्येच्या दिवशी, मी टिलरची टाकी उतरवून घेतली. अमावास्येला आमच्याकडे अजूनही औत धरत नाहीत, त्यामुळे भाऊ मोकळा होता. टाकी आतून थोड्या ताज्या डिझेलने विसळली, तळाच्या नटातून ते सोडले, नवे वॉशर घातले. मग गळ्याशी दोन बोटे जागा ठेवून टाकी पूर्ण भरली. दोन बोटे अशासाठी, की डिझेल उन्हाने फुगते. वीस अंशांच्या फरकाला अकरा लिटर डिझेल पावशेराच्या मापाला थोडे कमी इतके वाढते आणि गळ्यापर्यंत भरलेले असेल तर झाकणातून वाहते. टाकी पूर्ण रिकामी ठेवा असेही काही जण सांगतात. प्लास्टिकच्या टाकीला ते चालेल. आमच्या कोकणी हवेत लोखंडी टाकी कोरडी ठेवली तर आतून गंजाची पूड झडू लागते, म्हणून मी भरून ठेवण्याच्या बाजूचा.

भरल्यावर इंजिन दहा मिनिटे चालवले. हे बरेच जण विसरतात. टाकीत ताजे डिझेल आले तरी फिल्टर, पंप आणि नोझल यांत जुनेच उभे असते, ते जाळून बाहेर काढावे लागते. फिल्टर ठेवतानाच बदलला. पुढच्या वर्षी काढताना बदलू म्हटले की वर्षभर घाण तिथेच मुरते. त्या दिवसापासून दर अमावास्येला वीस मिनिटे, टिलरला थोडे चालायला लावून, इंजिन गरम होईपर्यंत चालवायचे ठरले आहे. अमावास्या निवडली त्याचे कारण पंचांगापेक्षा कॅलेंडर. भिंतीवरच्या कॅलेंडरात ती काळ्या गोळ्याने दिसते, तारीख लक्षात ठेवावी लागत नाही. मोठ्या टाक्यांसाठी जंतुनाशक औषधे आणि डिझेल टिकवणारी द्रव्येही मिळतात. हजार लिटरच्या सोसायटीने ती हातमोजे घालून जरूर वापरावीत, पण आधी टाकी धुवावी, कारण मेलेली बुरशीही फिल्टर बुजवतेच. अकरा लिटरला हा खटाटोप नको. पाणी काढा, वर्षाच्या आत संपवा, झाले.

आता डिझेल घरच्या घरी तपासायच्या बाटलीचे सांगतो. टाकीच्या तळातून काचेच्या स्वच्छ बाटलीत अर्धा पाव डिझेल घ्यायचे आणि रात्रभर स्थिर ठेवायचे. सकाळी तळाशी पाण्याची रेघ दिसते का ते बघायचे. मग बाटलीमागे आपल्या वर्तमानपत्राचा अंक धरायचा. पहिल्या पानाचा मथळा बाटलीतून वाचता आला तर डिझेल ठीक. अक्षरे धुक्यात गेली तर पाणी मिसळलेले आहे, रंग चहाचा झाला तर ते शिळे आहे. प्रयोगशाळेची सर याला नाही, पण शेडमध्ये उभे राहून एवढे कळले तरी पुष्कळ. जूनमधल्या डिझेलची बाटली मी खिडकीत ठेवली आहे. तिच्यातून मथळाच काय, तारीखही दिसत नाही.

त्या खराब डिझेलचे काय करायचे, हा प्रश्न राहिला होता. टिलर आणि पिंप मिळून चौदा-पंधरा लिटर निघाले. शेजारी म्हणाले, ओढ्यात सोडा, पावसात वाहून जाईल. वाहून जाईल हे खरे, पण कुठे? आमचा ओढा काळू नदीला मिळतो आणि काळू टिटवाळ्यावरून उल्हासला. वरचे निवळलेले डिझेल मी नट-बोल्ट आणि अवजारे धुवायला ठेवले, खालचा गाळ बंद डब्यात घालून कल्याणच्या त्या पंपवाल्याकडे पोचवला. तो जुने ऑइल गोळा करणाऱ्याला देतो. त्याने दुसऱ्यांदा मला 'काका' म्हटले, पण या वेळी जरा आदराने.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. ताजे डिझेल थोडे थोडे आणावे, साठवू नये, हे बोलायला सोपे. टिलर रस्त्यावरून दहा-बारा किलोमीटर पेट्रोल पंपापर्यंत नेता येत नाही. डिझेल कॅनमधूनच आणावे लागते. वाटेतल्या एका पंपावर पोरगा म्हणतो, कॅन बंद आहे. दुसऱ्यावर पाण्याच्या बाटलीतसुद्धा भरून देतात. शेतकरी मग काय करतो? एकदा कुठे मिळाले की पन्नास लिटर आणून ठेवतो, आणि तेच पुढे शिळे होते. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात डिझेल 'ब' वर्गात येते. त्या वर्गाचा एका जागी २,५०० लिटरपर्यंतचा साठा, एकाही पात्राची क्षमता १,००० लिटरच्या वर नसेल तर, परवान्याशिवाय ठेवता येतो. म्हणजे वीस लिटर घरी ठेवणारा शेतकरी परवान्यावाचून गुन्हेगार ठरत नाही. पेट्रोलचे नियम याहून कितीतरी कडक आहेत आणि ते असायलाच हवेत. पंपावरच्या पोराचीही चूक नाही, त्याला कोणी दोन्हींतला फरक सांगितलेला नसतो. मागणी एवढीच, की शेतीसाठी डिझेल कोणत्या प्रकारच्या कॅनमध्ये, किती आणि काय दाखवून मिळेल याची एक मराठी पाटी प्रत्येक पंपावर असावी. जूनमध्ये तरी.

दुसरी मागणी कृषी खात्याकडे. २०१४-१५ पासून यांत्रिकीकरणाच्या उपअभियानातून अवजारांना अनुदान मिळते. लहान शेतकरी, महिला, अनुसूचित जाती-जमातींना निम्म्यापर्यंत, इतरांना ४० टक्क्यांपर्यंत. आमचा टिलर त्यातूनच आला, त्याबद्दल कृतज्ञच आहे, कारण भाऊ बैलजोडी सांभाळू शकला नसता. पण टिलर देताना चालवून दाखवतात तो दिवस जूनचा असतो. तो उभा कसा करायचा हे दाखवायचा दिवस जुलैअखेरचा, आणि त्या दिवशी कोणी नसते. कृषी खात्याची मंडळी आवणीनंतर पीकपाहणीला बांधावर येतातच. तेव्हा गावातल्या एका टिलरचा तळाचा नट सगळ्यांसमोर उघडून दाखवला, तर अर्ध्या तासाचे काम आहे. मी स्वतः आमच्या आणि शेजारच्या दोन गावांत हे करायला तयार आहे. पाना माझा, बाटली माझी, चहा भावाचा.

भावाचे या सगळ्यावर एकच म्हणणे आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. "दादा, रिकामी टाकी कोणी चोरत नाही. भरलेल्या टाकीत हजार रुपयांचं डिझेल आहे, शेडला दार नाही." झाकणाला कुलपाची सोय मुळात नसते. शेवटी त्याने मुरबाडला जाऊन झाकणावर कडी बसवून आणली, टाकीपासून लांब नेऊन वेल्ड केलेली, आणि तिला छोटे कुलूप लावले. किल्ल्या दोन होत्या. एक हरवली, दुसरी चुकून माझ्या खिशात कळव्याला आली. येत्या रविवारी सर्वपित्री अमावास्या आहे, टिलर चालवायचा दिवस, तेव्हा सकाळची पहिली कल्याण लोकल पकडून ती नेऊन देतो.

आपला,
एक निवृत्त फिटर
कळवा, ठाणे